कापसाच्या खोलीतला आवाज

इज्या,

तुह्या पुण्याच्या बँडमधल्या पोट्ट्याचा फोन आलता. मले काका म्हणे. "काका, तुम्ही सरांचे पहिले ड्रमर ना? कार्यक्रमासाठी दोन पानं लिहून द्या. सरांचा जन्म, शिक्षण, पहिला बँड, असं काही." मी म्हणलं, देतो. फोन ठेवला आन् पहिले तर हासूच आलं. तू सर! दारव्ह्याच्या शाळेत दोनदा नववी करणारा इज्या आता सर झाला. मंग हासता हासता जे व्हायचं ते झालं. याडी, माही माय, चुलीपासून उठून आली, माह्या पाठीवर हात ठेवून उभी राह्यली.

जन्म-शिक्षण मी लिहिणार नाही. ते त्याइले इंटरनेटवर भेटन. मी तुह्याशी बोलतो, आपण बोलत होतो तसाच. पुस्तकातलं मराठी मलेही येते, पण त्या भाषेत तुह्याशी बोललो तर तूच म्हणशीन, "काहून बे रोह्या, तहसीलमधी अर्ज देऊन राह्यला का?"

तुले मातीसाठी पुण्याहून आणलं त्या सकाळी मी मागंच उभा होतो. तुह्या मोहल्ल्यात पाय ठेवायले जागा नव्हती. पांढऱ्या कपड्यातले तुह्याकडचे लोक, आन् त्याइच्यात काळे टी-शर्ट घातलेले, लांब केसवाले तुहे पुण्याचे. भन्तेजी वंदना घेऊन राह्यलते आन् तुह्या पुण्याच्या पोट्ट्याइले हात कवा जोडायचे ते समजे ना. तुही माय, शांतामाय, तुह्या डोक्यापाशी बसलती. तुह्या केसांतून हात फिरवून राह्यलती आन् बाजूच्या बाईले सांगून राह्यलती, "एवढे केस वाढवले ना बाई, पण तेलाचा थेंब कधी लावू देल्ला नाही." मी तुह्या मायच्या समोर गेलोच नाही. तिनं इचारलं असतं, सहा वर्षं जयंतीच्या ट्रकवर काहून नाही चढला रे रोहिदास? तुले मी त्याचं एक उत्तर देल्लतं. ते उत्तर खोटं होतं, इज्या. तू त्याच उत्तरासोबत गेला. मले खाऊन राह्यलं आहे ते हेच.

पण पहिलेपासून सांगतो. तुले आवडे पहिलेपासून ऐकायले.

तुही पहिली पार्टी म्हणजे तुह्या मामाची गायन पार्टी. तू बेंजो वाजवे. टाइपरायटरसारखी बटनं दाबायचा तो बेंजो, लग्नातही वाजते आन् जयंतीच्या गाण्यातही. एका संध्याकाळी पार्टीच्या कार्यक्रमात मी पुढंच बसलतो, वर्गातला दोस्त वाजवून राह्यला म्हून तांड्यावरून सायकल मारत आलतो. मामा गाऊन राह्यलते आन् तू मशीनच्या आवाजाचं बटन हळूच फिरवलं ते शेवटपर्यंत. भोंग्यातून बेंजो असा फाटून निघाला का समोरचा एक बुढा दचकून उभाच राह्यला. मामा वरडले, "बंद कर, मशीन जळली!" तू म्हणे, "जळली नाही मामा, आता कुठं पेटली."

तिथंच तुले पार्टीतून हाकललं. हाकललं ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी तू आमच्या तांड्यावर हजर. कोणी रॉक म्हणते त्याले हे तुले तवा माहीत नव्हतं, मलेही नव्हतं. तुले फक्त तो फाटलेला आवाज पाहिजे होता. याडीच्या पाया पडला, दोन भाकरी खाल्ल्या आन् म्हणे, "तुह्या बापूचा नगारा आहे ना? काढ खाली."

बाप जाऊन वर्ष झालतं. होळीले लेंगीची गाणी गायले का सारा तांडा त्याच्या नगाऱ्यावर नाचे. त्याच्या मागं कोणी हात लावला नव्हता. मी म्हणलं, याडी रागावन. याडीच म्हणे, "काढ. उंदरं खातीन त्याच्यापरीस तुम्ही वाजवा." बस, आपला बँड झाला.

दोन दिवसात तांड्याच्या नायकानं दम देल्ला. तुह्या बेंजोनं म्हशी आटल्या म्हणे. मंग जागा कोठी शोधायची? ते वर्ष आठव. कापसाले भाव नव्हता. या महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात वाढन, असं करत सगळ्याइनं कापूस घरातच ठेवलता. आमची मधली खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत भरलती. दरवाज्यापाशी चार माणसं मांडी घालून बसतीन एवढीच जागा. लेकरं कापसावर झोपत, पाहुणा आला तर कापसावरच टेकत. तू आत गेला, दरवाजा लावला, बेंजो छेडला. मी बाहेर होतो. मले काहीच ऐकू आलं नाही! दरवाजा उघडला तर तू आत बेभान होऊन वाजवून राह्यलता.

पुण्या-मुंबईचे लोक भिंतीले फोम लावतात म्हणे. आपल्याले भाव पडल्यानं फुकटात स्टुडिओ भेटला. घड्याळाच्या दुकानातला मोबीन कॅसिओ घेऊन आला, तो तिसरा. दुपारी सगळे वावरात गेले का आपण आत. बाहेर याडी डाळ निवडत बसे, तिले वाटे पोट्टे झोपले. आन् ती खाज, बापा बापा! कापसाच्या खोलीत बसून पाहावं माणसानं. मानेले, पोटऱ्याइले, कुठं कुठं. एक कडवं गायचं, थांबायचं, सगळ्याइनं मिळून खाजवायचं, मंग दुसरं कडवं. आपल्या पहिल्या गाण्यात दोन कडव्याइच्या मधी जो थांबा आहे, तो खाजवायचा थांबा आहे. तुहा पुण्याचा बँड आजही तिथं थांबते. हजार माणसं श्वास धरून उभी राहतात. त्या पोट्ट्याइले माहीतच नाही का आपण काहून थांबून राह्यलो. तू कोणालेच सांगितलं नाही ना? मीही नाही.

बँडचं नाव याडीनं ठेवलं. तू इचारलं, "याडी, नाव सांग." ती गाईसाठी सरकी भिजवून राह्यलती, पाह्यलंही नाही आपल्याकडे. म्हणे, "सरकी ठेवा."

यवतमाळच्या गॅदरिंगमधला तो पहिला कार्यक्रम तर मी मरतपर्यंत इसरणार नाही. लांबलचक हॉल, वर टिनाचं छप्पर. चार महिने आपण कापसात वाजवलं. कापूस सगळा आवाज पिऊन टाके, म्हून मी नगारा जीव खाऊन बडवे आन् तू नरडं फाडून गाये. आपल्याले वाटे एवढाच आवाज लागते. तिथं मी पहिला ठोका हाणला आन् तो छपरावर जाऊन परत आला. मले वाटलं मागं दुसरा कोणी वाजवून राह्यला. मी मागं वळून पाह्यलं! कोणी नाही. परत हाणला, परत आला. मी त्याच्यासाठी थांबलो, तो माह्यासाठी थांबला, तालाचा पार चुथडा झाला. पोरं शिट्ट्या मारून राह्यलते, "उतरा खाली, उतरा!" मोबीन तर कॅसिओ काखेत मारून निघालाच होता. तू माइक हातात घेतला आन् म्हणे, "थांबा जरा. आमचा आवाज पहिल्यांदाच आमच्याकडे परत आला. त्याची ओळख करून घेऊ द्या."

हॉल हासला. आपण पहिलेपासून सुरू केलं, हळू. त्या दिवशी मले समजलं का तू कलाकार आहे आन् मी नगारा वाजवणारा. मले त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आईच्यान सांगतो.

आन् त्याच दिवशी, परतीच्या यष्टीत, आपलं ते भांडण सुरू झालं जे शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणलं, आवाज कोरडा पाहिजे. कापसातला. एकदा वाजला, समोरच्याले लागला, इषय संपला. तू म्हणे, "नाही बे. आवाज परत आला पाहिजे. नाहीतर गाणारा एकटा पडते." पंधरा-सोळा वर्षं हेच. तू पुण्यातून गाणं पाठवे आन् मी फोन करून म्हणे, "काय रे, इहिरीत पडून गायला का?" तू म्हणे, "आन् तू काय गादीत तोंड खुपसून ऐकलं?" मंग अर्धा तास खर्च.

मधल्या तुह्या यवतमाळच्या बँडचं काय सांगू! कॉलेजातले पोट्टे, इंग्रजी नाव, ज्याचा उच्चार त्याइलेच जमे ना. त्याइनं तुले गिटार देल्लं, खरंखुरं. त्याइच्यापाशी ड्रमर होता, बापाची गाडी असलेला. तू म्हणलं, नगारा येईन तर मी येईन. मी तुह्या मागं उभा होतो, मले धरणी फाटून आत जाऊ वाटलं. त्याइनं नाही म्हणलं तर तू गिटार खाली ठेवलं आन् चालता झाला. महिन्यानं तेच बोलवायले आले. हे तू कधी कोण्या मुलाखतीत सांगितलं नाही. मी सांगून राह्यलो. लिहून घेऊ दे त्या पोट्ट्याले.

मंग पुणं. तू म्हणे, "दोघाइचं बोलून ठेवलं आहे, चल." मी कसा येऊ? याडी एकटी, वावर एकटं. मी तसं सांगितलं असतं तर तू समजला असता. पण मी म्हणलं, "जा ना लेका. पण तिकडून येऊन मले ताल शिकवजो नको." माहा सोभावच वाकडा. वाईट वाटलं का माह्या तोंडातून शिवीच निघते. तुले ते माहीत होतं म्हून तू हासला आन् यष्टीत चढला. तरी दोन वर्षं मी तुहा फोन उचलला नाही.

तिसऱ्या वर्षी चौदा एप्रिलले तू आला. सगळे म्हणत होते आता तो कायले येते. आला. जयंतीच्या मिरवणुकीचा ट्रक धरला, निळं कापड लावलं, पुण्याचा ड्रमसेट वर चढवला आन् भर चौकातून माइकवर वरडला, "रोहिदास राठोड कोठी असन त्यानं वर यावं, नाहीतर ट्रक हालणार नाही." हालू देल्ला नाही ना तू! पोलीसही म्हणे, जा बाप्पा जा, रस्ता मोकळा कर. मी चढलो. त्या दिवसापासून दर वर्षी तुही एकच तारीख पक्की. कुठं मोठा कार्यक्रम असो, कोणी बोलवो, चौदा एप्रिलले तू दारव्ह्यात. तुह्या मामानं म्हातारपणी ट्रकवर येऊन तुह्या फाटक्या गिटारवर जयंतीचं गाणं म्हणलं, तवा तू पाठ फिरवून डोळे पुसले. मी पाह्यलतं.

आता ते सांगतो जे सांगितलं नाही.

ते फवारणीचं वर्ष. कापसाची पराटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलती. बोंडअळीच्या भेवानं सगळेच फवारून राह्यलते. मीही बॅटरीचा पंप पाठीवर घेऊन शिरलो. एवढ्या उंच पराटीवर फवारा वरच मारा लागे आन् तो आपल्याच तोंडावर, हातावर पडे. तिसऱ्या दिवशी डोळ्यापुढं अंधारी आली, उलट्या सुरू झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. तिथं वॉर्डात सगळे माह्यासारखेच. बाजूच्या खाटेवर राळेगावकडचा एक होता, मले बिडी मागे. तो घरी गेलाच नाही. मी वाचलो. नजर परत आली. बोटं नाही आली, इज्या.

म्हणजे आहेत, हालतात. पण मुंग्या भरल्यासारखी राहतात. चहाचा कप धरला तर बशीत खडखड वाजते. नगाऱ्याची काडी धरली तर दहा ठोक्याइत हातातून सुटून जाते आन् सुटली हेही मले समजत नाही, पडल्याचा आवाज आल्यावर समजते. डॉक्टर म्हणे, येईन हळूहळू. नाही आलं.

मी याडीले गळ्याची शपथ घातली, इज्याले सांगायचं नाही. काहून? तू धावत आला असता म्हून. माहे हात हातात घेऊन रडला असता म्हून. जिथं तिथं तू सांगत फिरे का माह्या गावाकडे एक ड्रमर आहे, त्याच्यासारखा दुसरा पाह्यला नाही. जगात एकच माणूस होता ज्याच्यासाठी मी कोणीतरी होतो. ते मले राहू द्यायचं होतं. एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं.

एप्रिलात तुहा फोन आला. "रोह्या, ट्रक ठरला. टाइमावर येजो." मी म्हणलं, "मी नाही येत." "काहून?" आन् मी ते बोललो. "तू मोठा माणूस झाला. वर्षातून एक दिवस तुले गावात मिरवायचं असते, त्याच्यासाठी मी कायले पाहिजे? पुण्याहून आण कोणी." तू म्हणे, "बरं."

त्या दिवशी मी चौकात पानठेल्याच्या आडून पाह्यलं. तू ट्रकवर. ड्रमसेट दोरीनं बांधलेला, स्टूल रिकामं. तुह्यासोबत पुण्याचे दोन ड्रमर आलते, ते खाली चालून राह्यलते, पण तू कोणाले वर घेतलं नाही. तू बुटानं ट्रकच्या फळ्याइवर ठोके देऊन गाऊन राह्यलता. खालून कोणी वरडलं, "इजूभाऊ, ड्रमवाला कोठी आहे?"

तू माइकवर म्हणे, "येऊन राह्यला."

लोक हासले. मी घरी आलो. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. सहा वर्षं, इज्या. पानठेलेवाला म्हणे, तुह्या दोस्तानं चांगलं नाटक लावलं. मलेही वाटलं तू माह्यावर सूड उगवून राह्यला, भर गावात माहं रिकामं स्टूल मिरवून राह्यला. मी मनात तुले किती शिव्या देल्ल्या, त्या तुह्या कानावर गेल्या नाही तेच बरं.

मधी तू पार्सल पाठवलं. ड्रमच्या काड्या. फोनवर म्हणे, "इकडे सेल होता, घेतल्या." मी उघडून पाह्यल्या तर मुठी जाडजूड, सायकलच्या हँडलचे रबर चढवलेले. मले वाटलं थट्टा केली. पोराच्या खेळण्यासारख्या. माळ्यावर फेकून देल्ल्या.

आन् तुहा शेवटचा फोन. तू जायच्या चार दिवस पहिले. "औंदा कापूस इकला का बे?" मी म्हणलं, "कायचा इकते. भाव कोठी आहे? भरली आहे खोली आढ्यापर्यंत." तुहा आवाज एकदम उजळला. "मंग मी येतो. त्या खोलीत एक गाणं रेकॉर्ड करू. तू नुसता बाजूले बसजो. काही वाजवू नको, बसजो नुसता." मी काय म्हणलं? मी म्हणलं, "पाहू."

पाहू. तुह्याशी बोललेला माहा शेवटचा शब्द हा. दुसरा एखादा शब्द बोलता आला असता, ये म्हणता आलं असतं. दोन शब्द नाही, एकच, तोही तेवढाच लहान.

परवा शांतामाय तांड्यावर आली. एकटी, ऑटोत बसून. मी वावरातून आलो तर ती आन् याडी ओसरीत बसून होत्या. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणे, "दाखव हात." मले समजलं नाही. तिनं स्वतःच माहे हात घेतले, बोटं एक एक करून दाबून पाह्यली. म्हणे, "थंडीत जास्त दुखते का रे?"

मी याडीकडे पाह्यलं. याडीनं मान खाली घातली. म्हणे, "बाजारात ही भेटली होती. सहा वर्षं झाली. कोणाले तरी सांगा लागेच ना रे."

शांतामाय म्हणे, "मी त्याच दिवशी इजयले फोन केलता. लय रडला. मी म्हणलं, जा, भेट त्याले. तर म्हणे, नको माय. त्यानं लपवलं आहे तर लपू दे. राग दाखवून राह्यला, दाखवू दे. राग आहे तवर तो माह्या बरोबरीचा आहे. मी कीव केली तर तो मले पुन्हा तोंड दाखवणार नाही."

तुले माहीत होतं! साल्या, तुले सहा वर्षं माहीत होतं! माहे हात चालत नाही हे माहीत असून तू दर साली भर चौकात स्टूल मांडून "येऊन राह्यला" म्हणे! आन् मी पानठेल्यामागं उभा राहून तुले शिव्या देत होतो! काहून नाही बोलला बे? एकदा म्हणायचं होतं, रोह्या, मले माहीत आहे. मी दोन शिव्या हाणल्या असत्या, तू चार हाणल्या असत्या, इषय संपला असता. तू तिकडे लपून राह्यला, मी इकडे लपून राह्यलो, आन् दोघाइले वाटे आपण दुसऱ्याले जपून राह्यलो. काय मूर्ख जोडी होती आपली!

शांतामायले मी म्हणलं, "मले माफ कर." ती म्हणे, "मले कायले सांगते? त्याले सांग." जाताना माळ्याच्या शिडीकडे पाहून म्हणे, "त्या काड्या आहेत ना? ते रबर त्यानं स्वतः चढवलं होतं. दारव्ह्यातच. माह्या अंगणात बसून, जुन्या सायकलीचे काढून. चार जोड्या बिघडवल्या, तवा एक जमली."

ती गेल्यावर मी माळ्यावर चढलो. सापडल्या. उंदराइनं एका मुठीचं रबर थोडं कुरतडलं आहे. बाकी चांगल्या आहेत.

काल दुपारी याडी वावरात गेली, तवा मी नगारा घेऊन मधल्या खोलीत गेलो, दरवाजा लावला. व्यापारी कापूस पाहायले येणार होता, त्याले नंतर ये म्हणलं. तीच खोली, तोच वास. पाच मिनिटात मान खाजायले लागली आन् मले रडू आलं. तुह्या काड्या हातात घेतल्या. जाड मूठ, तळहातात पुरी बसली. बोटाइले काही समजे ना, पण तळव्याले समजून राह्यलं होतं. दहा ठोके झाले. सुटली नाही. वीस झाले. पहिलं कडवं झालं आन् मी थांबलो, आपण थांबत होतो तिथंच. उजवी काडी दुसऱ्या कडव्यात पडली. उचलली, पुन्हा धरली. बापूसारखं नाही जमलं, पहिल्यासारखं तर नाहीच. पण गाणं पुरं झालं.

मंग मी तुह्याशी बोललो. खोलीत कोणी नव्हतं म्हून मोठ्यानं बोललो. "इज्या, माहे हात चालत नव्हते रे. तुह्यावर राग नव्हता. एक दिवसही नव्हता." कापसानं ते सगळं पिऊन घेतलं. काहीच परत आलं नाही. मी बसून राह्यलो, वाट पाहत. एवढा कोरडा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आपलं भांडण तू जिंकला, लेका. आवाज परत आला पाहिजे. गाणारा एकटा पडते हे तू सांगे, ऐकणारा किती एकटा पडते हे मले काल समजलं.

त्या पुण्याच्या पोट्ट्याले मी फोन करून सांगितलं आहे. चौदा एप्रिलले सगळे या, गिटारं घेऊन या. ट्रक मी ठरवला. निळं कापड तुह्या मामाच्या घरचं. ड्रमसेटच्या बाजूले बापूचा नगारा बांधू. त्या पोट्ट्यानं इचारलं, "काका, सरांच्या जागी गायला कोणाला उभं करायचं?" मी म्हणलं, कोणालेच नाही. माइक मधात उभा करा, तुहं गिटार त्याले टेकवून ठेवा आन् तुम्ही बाजूनं वाजवा. पहिल्या कडव्यानंतर मी थांबलो का तुम्हीही थांबा. तो थांबा कायचा आहे ते त्या दिवशी सांगीन.

काड्या हातातून पडतीन. पडू दे. उचलीन.

चौकात गर्दीतून कोणीतरी वरडनच, "रोहिदासभाऊ, गाणारा कोठी आहे?" तुह्यासारखं माइकवर बोलता येत नाही मले, तरी बोलीन.

"येऊन राह्यला."